कपाटातली अंबाडी

लग्नानंतरची अकरा वर्षं माझा नवरा पहिला घास घेतला की एक वाक्य बोलायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "जरा मीठ हवं होतं." मीठ नसेल तर लसूण करपलेला, लसूण नसेल तर भात मऊ. एरवी माणूस गुणाचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे, कारण 'अहो' म्हणून कुणाच्या तक्रारी लिहिता येत नाहीत. मी पुण्याची, तो लातूरकडचा. माझ्या आमटीतला गूळ त्यानं कधी माफ केला नाही.

मग एका हिवाळ्यात त्यानं तक्रार करणं बंद केलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी, एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. तो एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर, आणि मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. माझ्या हुद्द्याचं नाव ड्राफ्ट्समन असंच होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, नवऱ्याच्या मानेत गाठ आली. ती साधी गाठ नव्हती. दर तीन आठवड्यांनी कीमोथेरपी सुरू झाली.

आज उलट्या थांबवायला चांगली औषधं आहेत म्हणतात. तेव्हा होती ती नावाला. डोस घेऊन आल्यावर चार दिवस तो न्हाणीघर आणि पलंग एवढंच करायचा, आणि पाचव्या दिवशी पोट शांत झालं तरी तोंडाला चव नसायची. पाणीसुद्धा लोखंडी लागतं म्हणायचा. मराठी मंडळातल्या काकू आणि मावश्यांनी आमचा फ्रीझर भरून टाकला होता. कुणी साबुदाण्याची खीर, कुणी मऊ खिचडी, कुणी शिरा. मी ताट पुढं ठेवायचे. तो एक घास घ्यायचा, माझ्याकडे बघून हसायचा, म्हणायचा, "छान झालंय," आणि ताट बाजूला सरकवायचा.

त्या 'छान झालंय'नंतर मी मुकाट ताट उचलून न्यायचे. हा माणूस मला जपतोय, म्हणजे यानं स्वतःचं काहीतरी सोडून दिलंय, एवढं मला कळत होतं.

तिसऱ्या डोसच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. नवऱ्याचं वजन एकशे अठरा पौंड होतं, म्हणजे साडेत्रेपन्न किलो. "एकशे दहाच्या खाली गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही," ते म्हणाले. "आणि आत्ता मध्येच थांबणं अजिबात बरं नाही." बाकी बरंच बोलले, पण माझ्या डोक्यात तेवढाच आकडा राहिला. एकशे दहा.

घरी येताना गाडीत मी रागानं विचारलं, "अहो, तुम्ही नक्की काय खाल ते तरी सांगा. मी चंद्रावरून आणते."

तो खिडकीबाहेर बर्फ बघत होता. तिकडंच बघत म्हणाला, "अंबाडी असती तर खाल्ली असती."

आता अंबाडी. आमच्या घरी ती कधी शिजली नव्हती. मंडईत जुड्या पाहिल्या होत्या, एवढीच माझी ओळख. त्याच्या घरी मात्र आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी. पाला उकडून, कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायची, आणि वरून लाल मिरची-लसणाची चरचरीत फोडणी. आंबट. "आंबट असेल तर लागेल जिभेला," तो म्हणाला. नोव्हायमध्ये त्या दिवसांत कोथिंबीर मिळायची मारामार, अंबाडी कुठून आणणार?

मी माझ्या मोठ्या नणंदेला पत्र टाकलं. ती माझ्याहून खमकी. पाला पाठवता येत नाही म्हणून तिनं बीच पाठवलं. आमच्या ओळखीच्या एका काकू पुण्याहून परत येत होत्या, त्यांच्याबरोबर मेतकुटाचा डबा दिला. त्या डब्यात मेतकुटाच्या खाली फडक्याची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत मूठभर अंबाडीचं बी. काकूंना हे विमानात कळलं, कारण डबा सांडला नाही ना ते बघायला उघडला तर पुरचुंडीबरोबरची चिठ्ठी वर आली. विमानतळावरच्या फॉर्मवर प्रश्न होता, आपल्याजवळ झाडं, माती, बियाणं आहे का? काकूंनी 'नाही'वर खूण केली आणि घरी आल्या आल्या आम्हाला फोन केला. "अगं, मी खोटं लिहिलं गं. आता ते तुम्हाला शोधत आले तर?"

आमची पाचावर धारण बसली. आज हसू येतं, पण तेव्हा आमचा सिटिझनशिपचा अर्ज नुकताच गेला होता. आम्ही पार्किंगचा दंडही कधी ओढवून घेतला नव्हता. सिग्नल पिवळा झाला की नवरा ब्रेक दाबायचा, आणि ब्रेक स्वतःच बनवलेला असल्यामुळं गाडी जागच्या जागी थांबायची. अशा माणसांच्या घरात मूठभर चोरटं बी. त्यात खिडकीत कुंड्या ठेवायच्या नाहीत असं भाडेकरारातच लिहिलेलं. त्याआधी एकदा आमच्या फोडणीच्या वासाबद्दल मॅनेजरनं दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. तो घाव माझ्या मनात ताजा होता. मी ठरवलं, अंबाडी लावायची, पण कुणाला कळू न देता.

प्रश्न होता, भर हिवाळ्यात घराच्या आत, खिडकीशिवाय, पाला वाढवायचा कसा. आणि मला टूलरूममधला म्हातारा आठवला.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसाच्या खाली टूलरूम होती. तिथं साचे आणि हत्यारं बनत. तिथला सगळ्यात जुना कारागीर म्हणजे हा म्हातारा. म्हातारा म्हणते, पण आज मी त्याच्या तेव्हाच्या वयाच्या बरीच पुढं गेले आहे. उंच, गोरा, डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर गेलेलं. बोलायचा फार कमी. माझ्या ड्रॉइंगमधली चूक सापडली की जिना चढून वर यायचा, कागदावर बोट ठेवायचा आणि काही न बोलता खाली जायचा. पण बाहेर बर्फ असतानाच त्याच्या बाकावर टोमॅटोची रोपं दिसायची. म्हणजे घरात झाडं वाढवायची विद्या याच्याकडे होती.

आमच्या ऑफिसात तोंडी सांगितलेलं काही चालत नसे. जे ड्रॉइंगवर नाही ते जगात नाही. ती सवय माझ्या हाडीमाशी भिनलेली. अंबाडीला इंग्रजीत काय म्हणतात ते आमच्या शब्दकोशात नव्हतं. तेव्हा मी रीतसर पानाचं ड्रॉइंग काढलं. नवरा पलंगावरून सांगत होता आणि मी काढत होते. "पाच बोटं काढ. मधलं लांब. बारीक, निमुळती. कडेला दाते, करवतीसारखे. देठ लांब." त्यानं चार वेळा खोडायला लावलं. शेवटी म्हणाला, "हां, हीच." एकास एक मापाचं, स्वच्छ रेषांचं पान झालं. खाली चौकटीत भागाचं नाव लिहायची जागा असते, तिथं मी काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, टूलरूम रिकामी बघून, मी तो कागद म्हाताऱ्यापुढं ठेवला.

"मला हे घरात वाढवायचंय," मी म्हणाले. "खिडकीत नाही. कुणाला कळता कामा नये."

त्यानं कागद पाहिला. मग मला पाहिलं. साडी नेसून ऑफिसात येणारी, टिकली लावणारी, दुपारी डब्यातली पोळी खाणारी बाई. मग दाराकडं पाहिलं.

"कुणासाठी?"

"नवऱ्यासाठी. त्याची कीमो चालू आहे. काही खात नाही. हे असेल तर खाईन म्हणतो."

त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बी आहे?"

"इंडियाहून आणलंय. डब्यात लपवून."

तो स्टुलावर बसला. "कस्टममधून?"

"एका काकूंनी आणलं," मी म्हणाले. "साठ वर्षांच्या आहेत. बिचाऱ्या अजून घाबरलेल्या आहेत."

"त्या बाईला माझा नमस्कार सांग," म्हातारा म्हणाला. "उद्या ये. आणि हे आणखी कुणाला दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी माझाच कागद परत मिळाला. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पेन्सिलीनं पेटी काढली होती. कपडे ठेवायचे प्लास्टिकचे दोन मोठे डबे, एकावर एक उपडा. आतून स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल. वर दिव्याची नळी, बाजूला जुन्या मशीनचा छोटा पंखा, तो त्यानं भंगारातून काढून ठेवलेलाच होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हिवाळी कपडे भरून ठेवलेत. एवढं नीट ड्रॉइंग आमच्या ऑफिसातही कुणी काढत नसे.

मग त्यानं सूचना दिल्या, त्या ऐकून मी मनात म्हटलं, अमेरिकन माणसं भाडेकरार काय गंभीरपणे घेतात. दोन्ही डबे एकाच दुकानातून घेऊ नको, तो म्हणाला. फोनवर यातलं काही बोलू नको. उजेड फटीतून बाहेर येतो का ते इमारतीबाहेर उभं राहून बघ. शेजाऱ्यांना आत घेऊ नको. आणि शेवटी, "वासाचं काहीतरी करावं लागेल."

"याला वास नसतो," मी म्हणाले.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाल्याला कसला वास? मला वाटलं, हाही त्या मॅनेजरसारखा आमच्या फोडणीवर घसरलाय. पण गरज माझी होती, गप्प बसले.

पेटी आम्ही दोन शनिवार-रविवार खपून केली, बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात. आम्ही म्हणजे हातानं मी आणि तोंडानं नवरा. तीन उशांना टेकून तो पलंगावर बसायचा आणि मी डब्याला भोक पाडायला लागले की ओरडायचा, "सरळ धर! ड्रिल सरळ धर!" पंख्याचं भोक मी अर्धा इंच चुकवलं. त्यावर त्यानं मला टॉलरन्स, म्हणजे मापात किती चूक चालते, या विषयावर व्याख्यान दिलं. मी म्हणाले, "उठा आणि तुम्ही करा." आणि तो खरंच उठला. भिंतीला धरत धरत आला, माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि त्यानं पंख्याचे चार स्क्रू स्वतः आवळले. चार स्क्रूंना पाऊण तास लागला. मी मध्ये पडले नाही, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांपैकी एक.

दिवा लावला त्या संध्याकाळी मी कोट घालून खाली पार्किंगमध्ये गेले. बर्फात उभं राहून वर पाहिलं तर आमच्या बेडरूमच्या पडद्याच्या कडेनं पांढरीफेक रेघ. वर येऊन कपाटाच्या दाराला काळी टेप लावली, पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या फेरीला अंधार मिळाला. म्हाताऱ्याचं ड्रॉइंग मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, पेटीची बाजू वर ठेवून.

बी चौथ्या दिवशी फुटलं. पहिली पानं बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण ती गोल होती. टूलरूममध्ये जाऊन मी हळूच म्हटलं, "पानं गोल आलीत." म्हातारा मोजपट्टीवरून नजर न काढता म्हणाला, "पहिली दोन तशीच असतात. धीर धर." पुढं रोज सकाळी मी जिन्यावरून जाताना तो फक्त भुवया उंचावायचा. मी मान हलवायचे. एवढंच बोलणं. आणि शुक्रवारी एक प्रश्न असायचा, "वजन?"

एकशे सोळा, मी सांगायचे. पुढच्या शुक्रवारी एकशे चौदा. मग एकशे बारा. मधला एक डोस त्यातच पार पडला. त्यानंतरच्या शुक्रवारी मी एकशे अकरा म्हणाले तेव्हा त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यानं ते उचललं आणि विचारलं, "तुझी रोपं किती उंच झाली?" मी हातानं दाखवलं, वीतभर. पुढच्या डोसला बारा दिवस राहिले होते.

रविवारी मी पाला खुडला. अजून आठवडाभर वाढायला हवा होता, पण माझा धीर संपला. लाल देठांची, पाच बोटांची कोवळी पानं, सगळी मिळून ओंजळभर. एवढ्या ओंजळीसाठी किती माणसं खपली होती. मिक्सरमधून तांदूळ फिरवून कण्या केल्या. डाळ शिजवली. पाला उकडला तेव्हा आंबूस वाफ घरभर पसरली, आणि आतून आवाज आला, "झाली का?" हिवाळा सुरू झाल्यापासून त्यानं हे विचारलं नव्हतं. मी दोनदा दाराशी जाऊन त्याला बघून आले आणि फोडणीकडं लक्ष राहिलं नाही.

मी वाटीत भाजी आणि थोडा भात नेला. त्यानं पहिला घास घेतला. चघळला. मी पलंगाच्या कडेला बसून त्याच्या गळ्याकडं बघत होते. घास उतरला. त्यानं दुसरा घेतला, मग तिसरा. मग वर बघून म्हणाला, "लसूण करपवलास."

मी उठले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी त्याच्याशी अबोला धरायचे, ते ऐकायला मी देवाला काय काय बोलले होते ते माझं मला माहीत. बाहेर आले तर वाटी रिकामी होती आणि तो विचारत होता, आणखी आहे का.

मी रोज थोडा थोडा पाला खुडत गेले. त्या आंबटपणानं जीभ जागी झाली म्हणा किंवा काय म्हणा, अंबाडीबरोबर भात जायला लागला, भाताबरोबर ताक, मग मंडळातल्या काकूंची खिचडी. डोसच्या दिवशी वजन एकशे तेरा भरलं. नर्सनं काटा दोनदा पाहिला. डोस मिळाला, पुढचेही मिळाले. नवरा त्यातून उठला, हे आत्ताच सांगून टाकते, कुणाला टांगून ठेवायची मला हौस नाही. आत्ता मी हे लिहितेय आणि तो बाहेर चहा पातळ झालाय म्हणून ओरडतोय.

पण माझी खरी गोष्ट राहिलीच. एकशे तेराच्या दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्यासाठी डबा नेला. ज्यानं एवढं केलं त्याला त्याच पाल्याची भाजी खाऊ घालायची, आपल्यात दुसरं काय करतात? जेवणाच्या सुट्टीत टूलरूममध्ये सगळे कारागीर बाकांवर सँडविच खात बसले होते. म्हातारा नेहमीसारखा नाणी टाकायच्या मशीनमधून काढलेली बिस्किटं खात होता. मी डबा त्याच्यापुढं ठेवला, झाकण काढलं आणि हसून म्हणाले, "हे तेच. आपण लावलेलं. तुमच्यासाठी."

त्यानं आत पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. झपकन झाकण लावलं.

"इथं आणलंस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांसमोर? वेड लागलंय का तुला? घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

डबा उचलून मी वर आले. कान तापले होते. मला वाटलं, वास. शेवटी हाही त्यातलाच. लसणाच्या वासाची माणसांसमोर लाज वाटली त्याला. मदत करताना बरा वागला, पण आमचं अन्न ताटात आलं की नाक मुरडलं. मी कानाला खडा लावला. पुढचा आठवडाभर मी त्याच्याकडं पाहिलं नाही. टूलरूमची ड्रॉइंगं खिडकीतून आत सरकवायचे आणि निघायचे. तो भुवया उंचावायचा, मी मान फिरवायचे.

आठवड्यानंतरच्या शनिवारी नवऱ्यानं विचारलं, "त्या म्हाताऱ्याला आवडली का भाजी?" मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, वर माझी चार वाक्यं घालून.

तो म्हणाला, "'इथं आणलंस' म्हणाला? 'वास' म्हणाला नाही?" मी आठवून म्हटलं, नाही, त्या दिवशी वासाचं नाव नाही काढलं. तो उठला, हळूहळू कपाटाशी गेला आणि दाराच्या आत चिकटवलेला कागद सोडवून उलटा केला. माझं ड्रॉइंग. पाच निमुळती बोटं, करवतीचे दाते, नावाची चौकट कोरी. त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला. आणि हसायला लागला. बरगड्या धरून, पलंगावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"अगं," तो धापा टाकत म्हणाला, "हा गांजा आहे. त्याला वाटलं, आपण गांजा लावलाय!"

कीमो सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदा मनापासून हसत होता. मला मात्र हसू येईना. मी पलंगावर बसून एकेक गोष्ट आठवत होते. दाराकडं पाहणं. कागदाच्या घड्या. दोन दुकानं. फोन. उजेड. वास. रोजच्या भुवया. त्या काळी या गोष्टीला काय शिक्षा होती ते मला नीट माहीत नव्हतं, पण नोकरी जाते आणि माणूस तुरुंगात जातो एवढं कुणालाही माहीत होतं. त्या माणसाची निवृत्ती तोंडावर आली होती. त्याच्याकडं एक परकी बाई येते, जिच्याशी तो ड्रॉइंगपलीकडं कधी बोललेला नाही, आणि असला कागद पुढं ठेवते. त्यानं एकच विचारलं होतं, कुणासाठी. आणि मी? मी त्याला नाक मुरडणारा ठरवून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी भोंगा व्हायच्या आधी टूलरूममध्ये गेले. तो एकटाच मशीन पुसत होता.

"ती भाजी होती," मी म्हणाले. "नुसती भाजी. पालक असतो तशी. पान तसं दिसतं, एवढंच. माझ्या नवऱ्याच्या गावी ती रोज खातात. मला कळलंच नाही, तुम्हाला काय वाटलं ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाजी," तो म्हणाला.

"भाजी."

"आणि ती म्हातारी बाई कस्टममधून..."

"भाजीचं बी. पण आम्ही खरंच घाबरलो होतो."

त्याचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसत होता. मग हसणं थांबलं. त्यानं आपल्या हत्यारांच्या पेटीचा सगळ्यात खालचा खण उघडला, मोजमापाच्या हत्यारांमागं हात घातला आणि एक चपटी पत्र्याची डबी काढून तळहातावर धरली. उघडली नाही.

"माझ्या बायकोची," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. शेवटी तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. यानं दोन घास जायचे. ती पेटी मी तिच्यासाठी केली होती. ती गेल्यावर सगळं मोडलं, एवढं राहिलं. तिचं म्हणून फेकवलं नाही." त्यानं डबी खिशात टाकली. "तू एकशे अकरा म्हणालीस त्या रात्री शोधून काढली. तुझी रोपं वेळेत आली नाहीत तर देणार होतो."

म्हणजे तेव्हापासून ती तिथं होती. जिथं सुपरवायझर कधीही खण उघडून बघायचा, तिथं. धन्यवाद हा शब्द मला इंग्रजीत येत होता, मराठीत येत होता, दोन्हीकडचा तोकडा वाटला. मी नुसती वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला. तो दचकून मागं सरला आणि मशीनला धडकला.

"आता लागणार नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "जेवतो आता."

"जेवतो," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "जेवतो." आणि फडक्यानं तोंड पुसलं. फडकं तेलाचं होतं, गालावर काळा पट्टा उमटला.

मग त्यानं विचारलं, "डबा कुठंय?"

मी आणला होता. सकाळीच भाजी केली होती, नवऱ्यानं पाला खुडून दिला होता. म्हाताऱ्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि उभ्या उभ्याच, थंडच, चमच्यानं खायला लागला. माझ्या नजरेसमोर बायको गेल्यापासूनची तीन वर्षांची ती बिस्किटं होती. त्यानं सगळी भाजी संपवली, चमचा तळाशी फिरवला, डबा नीट बंद करून माझ्या हातात दिला.

"जरा मीठ हवं होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा नेला. तो रिटायर होईपर्यंत नेत राहिले. मीठ वेगळं पुडीत बांधून द्यायचे.